वखारीची स्मरणशक्ती

‘वखार’ हा शब्द आपल्याला प्रथम भेटतो तो शाळेच्या इतिहासात. इंग्रजांची राजापूरची वखार शिवाजीमहाराजांनी १६६१ साली लुटली, हे आपण सगळेच पाठ करतो. पण त्या वखारीत माल कसा रचीत आणि मागणी आली की नेमका तोच कसा काढीत, हे कोणी विचारीत नाही. इतिहासाला लढाया दिसतात, पोती दिसत नाहीत!

आमचे नागपूर तर अशा पोत्यांवर आणि गठाणींवरच वाढले. १८६७ मध्ये मुंबईकडून आगगाडी येथे पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यापार वाढला, तशा वखारीही वाढल्या.

इतवारीतल्या जुन्या वखारींचा कारभार मी पाहिलेला आहे. पेढीवरून चिठ्ठी येई, मुनीम ती वाचून दाखवी, आणि हमाल थप्प्यांच्या बोळकांडीतून जाऊन नेमक्या पोत्याला आकडा लावी. चिठ्ठीत माल कोणता आणि किती एवढेच असे. तो कोठे आहे, हे हमालाच्या डोक्यात! कागदी कारभार म्हणतात तो खरे पाहता निम्मा स्मरणाचाच होता. तो हमाल लग्नकार्यासाठी गावी गेला, की वखार आंधळी होई.

बारकोडच्या उभ्या रेघा अमेरिकेतल्या ओहायोमधील एका दुकानात २६ जून १९७४ रोजी यंत्राने प्रथम वाचल्या. वस्तू होती च्युइंगगमचे पुडके. तरी आपल्याकडे चिठ्ठी पुढे कितीतरी वर्षे टिकली. कारण सोपे आहे. परराज्यात थेट माल विकला तर केंद्रीय विक्रीकर लागे. तो चुकवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान वखारी ठेवीत, आणि लहान वखारीला चिठ्ठी पुरे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ती गरज सरली. थोड्या पण प्रचंड वखारी परवडू लागल्या. देशाच्या मध्यावरचे नागपूर एकाएकी सोयीचे ठरले. एवढ्या मालाचा ठावठिकाणा एका डोक्यात मावणार कसा?

आता प्रत्येक फळीला घरासारखा क्रमांक असतो. कामगाराच्या हातातले यंत्र आधी कुठे जायचे, मग कुठे, हे सांगते. चुकीचा खोका उचलला तर तिथल्या तिथे कुरकुरते. पूर्वी ही चूक गिऱ्हाइकाच्या दारात कळे. नवा पोरगाही थोड्या दिवसांत तरबेज होतो. हा लाभ लहान नव्हे.

पण वाचकहो, येथेच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या हमालाची किंमत त्याच्या पाठीत होती, तशीच त्याच्या आठवणीतही होती. ती आठवण यंत्रात गेली आणि माणूस बदलणे सोपे झाले. शिवाय जे यंत्र खोके मोजते, ते माणसाची मिनिटेही मोजते. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून हमालांची नोंदणी केली, त्यांच्या मजुरीला आणि भविष्यनिर्वाह निधीला आधार दिला. ज्याचे नाव कोणत्याही वहीत नव्हते, त्याचे नाव वहीत आले.

लक्ष्मीपूजनाला आज वहीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. लागू द्या! चिठ्ठी गेल्याचे मला दुःख नाही. मालाची नोंद यंत्राने खुशाल ठेवावी. माणसाची नोंद मात्र समाजाने ठेवली पाहिजे.