कोणती जावा चालणार, हे ठरवायचं कुणी?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली आणि आमच्या विभागातला सर्व्हर बंद पडला. लाईट आली, पण सर्व्हर सुरू होताना मध्येच अडकला. सर्व्हर रूमला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गावाला. तसा उपाय होता: लांबून सर्व्हरचा स्क्रीन दाखवणारा, जावावर चालणारा एक जुना कन्सोल. तो उघडायला गेले, तर सुरक्षेच्या कारणास्तव अडवल्याचा संदेश! दोष माझाच. आदल्याच आठवड्यात मी जावा अपडेट केली होती. माझं सिम्युलेशन दोन दिवस जागचं हललं नाही. त्या दोन दिवसांत मी या भानगडीचा इतिहास वाचून काढला. तोच आज तुम्हाला सांगते.

जावाचा प्रोग्राम थेट संगणकावर चालत नाही. त्याला मध्ये एक रनटाइम लागतो. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने जावा जाहीर केली तेव्हाचं आश्वासन होतं, की प्रोग्राम एकदाच लिहा आणि कुठेही चालवा. पण कुठेही म्हणजे रनटाइमच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीवर?

सुरुवातीचं उत्तर होतं: प्रोग्राम लिहिणारा सांगेल ती. २००२ मध्ये जावा १.४ सोबत वेब स्टार्ट आलं. त्यात जेएनएलपी नावाची छोटी फाइल असायची. तिच्यात ‘१.४ किंवा त्यापुढची’ असं लिहिता यायचं, नाहीतर एक ठरावीक आवृत्तीही मागता यायची. ब्राउझरमधल्या ॲपलेटनाही अशी निवड करता येई. सोय छान होती. पण नवी जावा टाकली तरी जुन्या आवृत्त्या संगणकावर तशाच राहायच्या, त्यांच्यातल्या सुरक्षेच्या भोकांसकट. मग एखादी लबाड वेबसाइट मुद्दाम तीच भोकं असलेली आवृत्ती मागू शकत होती! म्हणून विंडोजवर जावा ५ च्या सहाव्या अपडेटपासून धोरण उलटं झालं. ॲपलेटने काहीही मागो, मिळेल ती सगळ्यात नवी.

२०१० मध्ये सन ऑरेकलकडे गेली. जानेवारी २०१३ मध्ये जावातलं असं एक भोक उघड झालं, की अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा पथकाने ब्राउझरमधली जावा बंदच करा असा सल्ला दिला. ऑरेकलने नियम कडक करत नेले. जानेवारी २०१४ च्या अपडेटपासून विश्वासार्ह सही नसलेले प्रोग्राम आपोआप अडवले जाऊ लागले. मग कार्यालयांमधल्या जुन्या, पण रोज लागणाऱ्या प्रोग्रामचं काय?

त्यासाठी सप्टेंबर २०१३ मध्येच, जावा ७ च्या ४० व्या अपडेटमध्ये, डिप्लॉयमेंट रूल सेट आला होता. ही नियमांची एक यादी. अमुक पत्त्यावरचा प्रोग्राम अमुक आवृत्तीवर चालव, तमुक अडव, बाकीच्यांना नेहमीचे नियम लाव. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम पहिला जुळेल तो लागू होतो. ती डिजिटल सही करून प्रशासकाच्याच ताब्यातल्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते, म्हणजे कुणीही येऊन बदलू नये. थोडक्यात, निर्णय प्रोग्रामरकडून आणि जावा बनवणाऱ्या कंपनीकडून निघून संगणक सांभाळणाऱ्या माणसाकडे आला.

पुढे सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ आली आणि ब्राउझर प्लगइन व वेब स्टार्ट दोन्ही काढून टाकले गेले. आता बरेच प्रोग्राम आपला डबा घरूनच आणतात, म्हणजे रनटाइम सोबतच घेऊन येतात. सूक्ष्मदर्शकाखालच्या प्रतिमा तपासायला आपण जे फिजी वापरतो, तेही असंच. भांडण मिटलं, पण रनटाइममध्ये भोक सापडलं की प्रत्येक डबा वेगळा बदलावा लागतो.

माझं काय झालं? आमचे संगणक सांभाळणाऱ्या दादांबरोबर बसून एक रूल सेट लिहिला. फक्त त्या कन्सोलच्या पत्त्याला जुनी जावा, बाकी सगळ्याला नवी. कन्सोल उघडला, सर्व्हर उठला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक निकालाच्या फोल्डरमध्ये एक ओळ जास्त असते: हे कोणत्या रनटाइमवर चाललं. परीक्षकाने पाच वर्षांनी विचारलं, तर सांगता यायला हवं ना! तुमच्याही लॅबमध्ये जुन्या जावावर तग धरून असलेलं काहीतरी असेलच. अपडेटचं बटण दाबण्याआधी ते कोणती आवृत्ती मागतं, एवढं तरी बघून ठेवा.