त्याची जोड कोण होती?

हेवीवेट मुष्टियुद्धातला सर्वांत थोर जगज्जेता कोण, हा वाद पाश्चात्त्य देशांत शंभरेक वर्षे चालू आहे. आपल्याकडे पारावर हाच वाद पैलवानांवरून रंगतो. गामा मोठा की आंदळकर? मारुती माने की खंचनाळे? मग वजन, उंची, खुराक, जोर-बैठका, जिंकलेल्या गदा, सगळ्यांची मोजदाद होते. मला मात्र आपल्या जुन्या वस्तादांचे एक साधे माप पुरेसे वाटते. ते विचारीत, ‘त्याची जोड कोण होती?’

जत्रेच्या मैदानात रेवड्यांवर लढणाऱ्या पोरांपासून शेवटच्या मोठ्या इनामापर्यंत जाणती माणसे आधी जोड लावतात. जोड चुकली की कुस्ती एका मिनिटात संपते आणि लोक धोतराची धूळ झटकत उठतात. आमच्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात एकटा बांधलेला बैल कसाही देखणा दिसतो. जाणता शेतकरी त्याला दुसऱ्याशेजारी चालवून पाहतो, मगच किंमत बोलतो. पैलवानाचेही तेच, फरक इतकाच की त्याची जोड त्याला साथ द्यायला नव्हे, पाडायला आलेली असते.

गामाचेच पाहा. १९१० साली लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को त्याच्यापुढे अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी गादीला चिकटून राहिला. १९२८ साली पतियाळात तोच झिबिस्को मिनिटभरही टिकला नाही. या दोन्ही गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. पण गामाचा खरा कस लागला तो रहीमबक्ष सुलतानीवाला याच्याशी. त्या उंचापुऱ्या, वयाने मोठ्या मल्लाबरोबर गामाच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या. रहीमबक्ष नसता, तर गामाची ताकद कुठवर जाते हे कुणाला कळले असते?

मुष्टियुद्धातही निराळे नाही. रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला, सगळ्या जिंकला आणि १९५६ साली अपराजित निवृत्त झाला. महंमद अली पाच वेळा हरला. तरी जगाच्या ओठावर नाव अलीचे आहे. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला त्याने १९६७ साली नकार दिला, पद गेले, ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गेली, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण जो फ्रेझर. १९७१ साली त्याने अलीला खाली पाडले आणि गुणांवर हरवले. १९७५ साली मनिलात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरच्या गुरूनेच लढत थांबवली. मधल्या काळात, १९७४ साली, किन्शासात अलीने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत लोळवले. फोरमनचा धाक एवढा होता की अलीच्या जिवाची चिंता त्याच्या चाहत्यांनाही वाटत होती. ही दोन माणसे वजा केली, तर अलीच्या चरित्रात काय उरते? बडबड पुष्कळ उरेल, आणि तीही सुरेख.

आपल्या मातीत असा काळ १९६० च्या आसपास आला. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले. १९६० साली गणपतराव आंदळकर, १९६४ साली मारुती माने. कोल्हापूर, सांगली आणि शेजारचा सीमाभाग एवढ्या टापूतले हे तीन मल्ल, एकाच पिढीतले. फाळणीनंतरही पाकिस्तानातून पंजाबी मल्ल कोल्हापुरात येत. सादिक पंजाबीचे नाव तर कोल्हापूरकरांनी घरच्या माणसासारखे जपले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात टाळी वाजे ती डावाला. डाव टाकणारा कुठल्या मुलखाचा, हे नंतर. अशा आगीतून तावून निघालेले हे मल्ल १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेला गेले आणि आंदळकर व माने या दोघांनीच दोन सुवर्ण आणि दोन रौप्य पदके आणली. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पण लोक सांगतात ती त्यांची १९७७ ची बेळगावची कुस्ती, दिल्लीच्या सतपालला हरवल्याची.

आंदळकरांबद्दल आणखी एक गोष्ट. लढणे संपल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरे घडवली. दादू चौगुले हे त्यांचेच शिष्य. १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. अगदी शेवटच्या शिष्यांपैकी एक बाला रफिक शेख, आमच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातला. सप्टेंबर २०१८ मध्ये आंदळकर गेले. डिसेंबरात जालन्यात रफिक महाराष्ट्र केसरी झाला. वस्ताद ती गदा पाहायला नव्हते.

आता आपल्याच जिल्ह्यातले पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. अंतिम फेरीत जाण्यासाठीच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळला विजयी ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे शिवराज राक्षेचे म्हणणे. संतापून त्याने पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड पंचांशी वाद होऊन काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. त्या पोराचा यात काय दोष? पण त्याच्या हक्काची निर्विवाद जोड त्याला मिळाली नाही. पुढे मार्चमध्ये, संघटनांच्या भांडणातून, याच जिल्ह्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी भरली आणि वेताळ शेळके जिंकला. एक जिल्हा, दोन महिने, दोन केसरी!

मुष्टियुद्धात हा रोग जुना आहे. तिथे चार संघटनांचे चार पट्टे. हेवीवेटचे चारही पट्टे एका कमरेला यायला २०२४ साल उजाडावे लागले. त्या मे महिन्यात युक्रेनचा उसिक आणि इंग्लंडचा फ्युरी रियाधमध्ये समोरासमोर उभे राहिले. दोघेही तोवर अपराजित होते. उसिक उंचीने आणि वजनाने कमी. जिंकला तो.

कर्जतच्या मैदानानंतर आमच्याकडे चहाच्या टपरीवर गदा कुणाची खरी, यावर कुणी फारसे भांडले नाही. एका म्हाताऱ्या पैलवानाने एवढेच विचारले, ‘या दोघांची एकमेकांत कधी लावताय?’