पोट उघडे धरणारा हात

धानाचे पोते भरायला दोन माणसे लागतात. एकजण पोत्याचे तोंड उघडे धरतो, दुसरा घमेल्याने ओततो. धरणाऱ्याचे काम कोणी मोजीत नाही. पण त्याचा हात ढिला पडला की धान भुईवर! पोटाच्या शस्त्रक्रियेतही असाच एक धरणारा असतो.

सुश्रुताने १०१ यंत्रे सांगितली. त्यांतल्या काही शलाकांचे टोक सापाच्या फण्यासारखे, काहींचे गळासारखे. पण या सर्वांत प्रमुख यंत्र म्हणून त्याने मान दिला तो हाताला. पुढे जखमेच्या कडा ओढून धरणारे वाकडे पोलादी पाते आले. त्याला रिट्रॅक्टर म्हणतात. तेही धरायला माणूस हवाच. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा कोणत्याही महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या हाती आधी सुरी येत नाही, रिट्रॅक्टर येतो. तास-दोन तास हलायचे नाही. बोटे बधिर होतात. आणि लहान गावच्या दवाखान्यात हा जादा माणूस आणायचा कोठून?

१९१२ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डोनाल्ड बाल्फोर यांनी कडा आपोआप ताणून धरणारी चौकट प्रसिद्ध केली. ती रोग्याच्या अंगावरच टेकते. पुढे जॉन बुकवॉल्टर यांनी टेबलाचाच आधार घेतला. हे सर्जन व्हर्मॉन्ट राज्यातील ब्रॅटलबरोचे, म्हणजे आपल्या गोंदियाहून कितीतरी लहान गावचे! त्यांच्या साधनाची जुळणी अशी: रोग्यावर निर्जंतुक कापड पसरले की टेबलाच्या कडेच्या पट्टीला खांब आवळायचा, खांबात आडवी दांडी, दांडीला कडे. कडे जखमेच्या वर अधांतरी राहते. मग समोरासमोरची पाती त्यावर बसवून दाते एकेक सरकवीत ताण द्यायचा.

पण एक धोका आहे. हात थकतो, म्हणून आपसूक सैल होतो. पोलाद थकत नाही. कृश बाईच्या पोटात लांब पाते खोल रुतले, तर मांडीकडे जाणारी नस चेपते. जखम भरते, पण गुडघा दगा देतो. बहुधा काही महिन्यांत तो सुधारतो; तोवर रोवणीच्या चिखलात तिने उभे कसे राहायचे? म्हणून जाणते सर्जन पुरेल तेवढेच आखूड पाते घेतात, आणि काम लांबले तर मधूनमधून ताण उतरवून खाली बोट घालून पाहतात.

शेवटी परिचारिका सुटे भाग मोजते. एक जरी कमी भरला, तरी पोट शिवीत नाहीत.