विचारायचं कुणाला?

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा सकाळी मागच्या गल्लीतल्या एका काकूंचा फोन आला. "दादा, तू पेपरवाला आहेस म्हणून विचारते. पाणीपट्टी वर्षाची भरलीय, पावती आहे. पाणी चौथ्या दिवशी येतंय, तेही रात्री दोनला. ऑफिसात गेले तर क्लार्क म्हणाला साहेब जिल्ह्याला मीटिंगला. नगरसेवकाला फोन केला तर म्हणाला मी आत्ताच निवडून आलोय, फाइल बघतो. मग विचारायचं कुणाला?"

वीस वर्षं नगरपालिकेच्या बातम्या करतोय. या प्रश्नाला माझ्याकडे एका ओळीत उत्तर नव्हतं, आणि याची मलाच लाज वाटली. काकूंना तेवढ्यापुरतं सांगितलं की लेखी अर्ज द्या, आवक-जावकला नोंद करून पोच घ्या, तोंडी तक्रारीला किंमत नसते. पण हे काही त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. खरं उत्तर शोधायला पार मागे जावं लागतं.

आपल्याकडच्या जुन्या नगरपालिका आल्या त्या १८५० च्या २६ व्या कायद्याने. सोलापूरची १८५२ ची, साताऱ्याची १८५३ ची, नगरची १८५४ ची, पंढरपूरची १८५५ ची. कायद्यात एक गंमतीची अट होती. गावातल्या लोकांची इच्छा असल्याची सरकारची खात्री झाली, तरच तिथे हा कायदा लावायचा. इच्छा कशाची, तर रस्ते, गटारं, दिवाबत्ती, तळी यांची व्यवस्था ठेवायची आणि त्यासाठी स्वतःवर कर बसवून घ्यायचा. आता स्वतःवर कर बसवून घ्यायची इच्छा किती जणांना असते, हे तुम्हीच सांगा. लोकांची इच्छा म्हणजे बहुतेक वेळा कलेक्टरसाहेबांची इच्छा आणि चार सावकारांच्या सह्या, असाच माझा अंदाज. त्या पहिल्या कमिट्यांत सभासद सगळे नेमलेले असायचे आणि वर बसायचा सरकारी अधिकारी.

पैसे आणायचे कुठून? घरावर कर लावला की ओरड होते, ती तेव्हाही व्हायची. म्हणून मुंबई इलाख्यातल्या पालिकांनी सोपा रस्ता धरला: जकात. गावात येणाऱ्या मालावर वेशीवरच पैसे घ्यायचे. कर व्यापारी भरतो, तो भावात मिसळतो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. पुढची जवळपास दीडशे वर्षं आपल्या इकडच्या पालिका मुख्यतः जकातीवर जगल्या.

मग १८८२ च्या मे महिन्यात व्हाइसरॉय रिपन यांचा तो प्रसिद्ध ठराव आला. त्यात म्हटलं होतं की कारभार लगेच सुधारेल असा दावा नाही, लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळावं हा हेतू आहे. १८८४ च्या मुंबई कायद्याने मग निवडून आलेले सभासद बसू लागले. पण मत कुणाला? ज्याच्या नावावर घर, ज्याच्या नावावर कराची पावती, त्याला. पावती नाही त्याला मत नाही.

नेमलेल्या सभासदांचाही सगळ्यांचा आवाज बंद होता असं नाही हं. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेत नेमलेले सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचं ठरत होतं. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा शिकवण्याच्या कामी लावा असं त्यांचं म्हणणं. मंडईच्या मोठ्या इमारतीलाही त्यांचा विरोध होता. ती इमारत झाली, गव्हर्नर रे यांचं नाव लागलं, आणि पुढे तिचं नाव झालं महात्मा फुले मंडई! आपल्याकडे स्वागत कमानीचं बिल मंजूर होताना मला दरवेळी तो हजार रुपयांचा विरोध आठवतो.

पण या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा कागद पुण्यातला नाही. तो महाडचा आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण शाळेपासून वाचतो, पण त्यात नगरपालिका कुठे होती हे फारसं कुणी सांगत नाही.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, सुधारक माणूस. ठराव झाला, सही झाली, शिक्का बसला. आणि पुढची तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी एकाही अस्पृश्याला घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले ते याच ठरावाच्या आधारावर. म्हणजे ते कायदा मोडायला गेले नव्हते, पालिकेचाच ठराव अमलात आणायला गेले होते. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, आणि पालिकेने काय केलं? ४ ऑगस्ट १९२७ ला तो ठरावच मागे घेतला. तळं खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. कोर्टाने सांगितलं, तळं पालिकेचं आहे आणि अडवणुकीची रूढी सिद्ध झालेली नाही. १९२४ चा ठराव, १९३७ चा निकाल. मध्ये तेरा वर्षं.

पालिकेने ठराव मागे का घेतला असेल? मतदारयादी घर आणि कर बघून बनायची. ज्यांना त्या तळ्याला हात लावायची बंदी होती, त्यांच्यातल्या किती जणांकडे घरपट्टीची पावती असणार? म्हणून "आम्ही टॅक्स भरतो, आम्हाला उत्तर द्या" असं कुणी फेसबुकवर लिहितं तेव्हा मी जरा थबकतो. वाक्य चूक नाही, पण अर्धं आहे. आपल्या गावात ओढ्याकडेच्या वस्तीत नळच नाही, त्यामुळे पाणीपट्टीची पावतीही नाही. त्यांनाही उत्तर द्यावंच लागेल ना?

स्वातंत्र्यानंतर सगळ्या प्रौढांना मत मिळालं आणि पावतीची अट गेली. मुंबई इलाखा, विदर्भ, मराठवाडा असे तीन ठिकाणचे वेगवेगळे कायदे चालू होते, ते जाऊन १९६५ चा एक कायदा आला. आजही आपली पालिका त्याच कायद्यावर चालते. त्यात नगराध्यक्ष लोकांचा, मुख्याधिकारी राज्य सरकारचा. मुख्याधिकाऱ्याची नेमणूक, बदली, सगळं मुंबईहून. शिवाय कलम ३०८, ज्याखाली पालिकेचा ठराव कलेक्टर थांबवू शकतात. गाडीला दोन ड्रायव्हर आणि मागे बसलेल्याच्या पायाखाली ब्रेक, अशी ही रचना. चांगली माणसं असतील तर चालते, नसतील तर एकमेकांकडे बोट दाखवायला अतिशय सोयीची.

आणि आता जकात नाक्यावर येऊ. आपल्या एस.टी. स्टँडपुढचा नाका ज्यांनी बघितलाय त्यांना आठवेल. आडवा बांबू, पत्र्याची खोली, कंदील, पावतीपुस्तकं. शाळेतून येताना आम्ही ट्रकच्या रांगा मोजायचो. नाक्यावर काय चालायचं हे सगळ्या गावाला माहीत होतं. दहा पोत्यांची पावती आणि तीस पोती आत. व्यापारी वैतागलेले, ड्रायव्हर वैतागलेले. १९९९ मध्ये सरकारने नगरपालिकांच्या हद्दीतली जकात बंद केली तेव्हा बाजारपेठेत पेढे वाटलेले मी स्वतः खाल्लेत. जकात परत यावी असं मी मुळीच म्हणत नाही.

पण त्या दिवशी अजून एक गोष्ट झाली, ती आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. जकातीच्या बदल्यात राज्य सरकार पालिकांना सहायक अनुदान देऊ लागलं. पगार त्यातून भागू लागले. तोवर पालिकेचा पैसा गावच्या बाजारातून यायचा. बाजार चालला तर पालिका चालायची, म्हणून बाजारात चिखल झाला की नगराध्यक्षाला झोप लागायची नाही. आता पैसा मंत्रालयातून येतो. अनुदान, वित्त आयोग, नगरोत्थान, अमुक योजना, तमुक निधी. मग नगराध्यक्षाच्या चकरा कुठे होणार? मुंबईला. आणि साहेब कुठे असणार? जिल्ह्याला मीटिंगला. काकूंना क्लार्कने खोटं सांगितलं नव्हतं.

१९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनेत जागा दिली. बाराव्या परिशिष्टात १८ विषय दिले, पाणीपुरवठा त्यात आहे. पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असंही घटनेत लिहिलं. आणि झालं काय? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे दावे सुप्रीम कोर्टात अडकले, तोवर आपल्याकडे जवळपास चार वर्षं प्रशासक. एकच अधिकारी नगराध्यक्ष, तोच सभागृह, तोच मुख्याधिकारी. ठराव तोच मांडणार, तोच मंजूर करणार. कोर्टाने बजावल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा की नगरसेवकांतून, हेही सरकार बदललं की बदलतं. २०१६ ला थेट, २०२० ला नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट. गावाचा प्रमुख कसा निवडायचा हे गाव सोडून सगळे ठरवतात.

आता कुणी म्हणेल, चार वर्षं प्रशासक होता तेव्हा काय बिघडलं, उलट कटकट कमी होती. मीही हे चहाच्या टपरीवर ऐकलंय. बिघडलं ते असं की त्या काळात आपल्या गावचा पाण्याचा ठेका दोनदा वाढवला गेला आणि त्यावर गावात एकही चर्चा झाली नाही, कारण चर्चा व्हायची जागाच बंद होती. ती बातमी मीसुद्धा उशिरा दिली. सभा नसेल तर पत्रकाराला कळणार कसं, ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली होती. अर्ज करून कागद मागता आले असते. मी मागितले नाहीत.

तर काकूंना काल परत फोन केला. सांगितलं की व्हॉल्व्ह सोडणारा, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर, सभापती, मुख्याधिकारी, नगराध्यक्ष ही साखळी आहे. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने द्या, प्रत नगराध्यक्षांना. आणि पुढच्या आठवड्यात सर्वसाधारण सभा आहे, तिला या. लोकांना बसून ऐकता येतं.

"आत बसू देतात?" त्यांना खरंच नवल वाटलं. "मला पासष्ट वर्षं झाली या गावात, मला कुणी सांगितलं नाही."

बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, चालेल, समोर बसलेलं तर दिसेल. शेजारच्या दोघींना घेऊन येणार आहेत. सभा सकाळी अकराला आहे. विषयपत्रिका मी आणली, पानं खाली फोटोत टाकतोय. पाणीपुरवठा ठेक्याची मुदतवाढ चौदाव्या नंबरवर आहे, अभिनंदनाच्या ठरावांनंतर.