बाईंची पेटी आणि 1869 चा कायदा

(या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा येत असेल तर ऐका.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की ख्रिस्ती लोकांमध्ये घटस्फोट चालतो का? काहींनी तर ठामपणे लिहिलं होतं, "त्यांच्यात नसतोच." उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज एक पेटी उघडू.

ही पत्र्याची पेटी माझ्या पप्पांच्या आत्याची. नगरला शाळेत शिकवायची, म्हणून घरात सगळे तिला 'बाई'च म्हणायचे. बाई गेली 1998 साली. पेटीत तीन कागद होते: 1961 चा लग्नाचा दाखला, 1986 चं मृत्युपत्र आणि 1997 चं वर्तमानपत्राचं एक कात्रण. नवऱ्याचा फोटो नव्हता. बाई 1964 लाच त्याचं घर सोडून आली होती. तो मारायचा. एवढंच आम्हाला माहीत, जास्त ती कधी बोलली नाही.

पण पाकिटावर 'सौ.' शेवटपर्यंत राहिलं. लहानपणी मला वाटायचं, बाईला घटस्फोट नकोच असेल, देवाधर्माची बाई ती. मोठं झाल्यावर कळलं की तिने वकिलाकडे चौकशी केली होती. वकिलाने विचारलं, "नवऱ्याचं बाहेर काही आहे का?" बाई म्हणाली, नाही. मारतो. वकील म्हणाले, "मग घटस्फोट नाही मिळणार."

आता तुम्ही म्हणाल, हे कसलं लॉजिक? तर थोडं मागे जाऊ.

सुरुवात बायबलपासूनच करावी लागते. येशूला लोकांनी घटस्फोटाबद्दल विचारलं, तेव्हा त्याने लग्नाचं बंधन मोडू नये असंच उत्तर दिलं. मार्कच्या शुभवर्तमानात याला अपवाद नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र एक अपवाद येतो, तो व्यभिचाराचा. या फरकावर शेकडो वर्षं वाद झाला. कॅथलिक चर्चने भूमिका घेतली की रीतसर झालेलं आणि पूर्णत्वाला गेलेलं ख्रिस्ती लग्न माणसाला मोडता येत नाही. प्रोटेस्टंट सुधारकांनी मत्तयचा अपवाद धरला आणि काही परिस्थितीत दार किलकिलं केलं. म्हणजे 'ख्रिस्ती लोकांचं मत' असं एकच मत कधी नव्हतंच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्लंडमध्ये 1857 पर्यंत लग्नाचे खटले चर्चच्या कोर्टात चालायचे. पुन्हा लग्न करता येईल असा पक्का घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटमधून स्वतःपुरता वेगळा कायदा करून घ्यावा लागे! तो परवडणार फक्त बड्या धेंडांना. 1857 मध्ये हे काम सरकारी कोर्टाकडे आलं. नियम असा झाला की बायकोने व्यभिचार केला, तर नवऱ्याला घटस्फोट. आणि नवऱ्याने केला तर? नुसता व्यभिचार पुरेसा नाही. त्याच्यासोबत क्रूरता हवी, किंवा दोन वर्षं सोडून जाणं हवं, किंवा तसलंच आणखी काही.

थांबा. ही दुहेरी पट्टी बायबलमधून आली का? नाही. मत्तयच्या अपवादात नवऱ्यासाठी एक आणि बायकोसाठी दुसरी अशी दोन मापं कुठेच नाहीत. त्या काळच्या साहेबाला काळजी होती वारसाची: मालमत्ता आपल्याच रक्ताच्या पोराकडे जायला हवी. ती काळजी कायद्यात शिरली आणि वर धर्माचं पांघरूण पडलं.

हाच साचा 1869 मध्ये भारतात आला, 'इंडियन डिव्होर्स ॲक्ट' या नावाने. त्याच्या दहाव्या कलमात हे सगळं जसंच्या तसं होतं. वर आणखी दोन गोष्टी. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी हायकोर्टाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय तो पक्का नाही. आणि बायकोचा व्यभिचार असेल, तर नवरा त्या दुसऱ्या पुरुषाकडून नुकसानभरपाई मागू शकत होता. हो, भरपाई. शेतात कुणाची गुरं शिरल्यावर मागतात तशी.

म्हणजे बाईच्या वकिलाने तिला फसवलं नव्हतं. कायदाच तसा होता. नुसत्या क्रूरतेवर 'न्यायिक विभक्ती' मिळू शकत होती, म्हणजे कायद्याने वेगळं राहायची परवानगी, पण बायको तू त्याचीच. बाई म्हणे वकिलाला म्हणाली, "वेगळी तर मी राहतेच आहे. त्यासाठी कोर्टात जाऊन पाठीवरचे वळ कशाला दाखवू?"

इथे आपल्या मराठी मुलखातली एक गोष्ट सांगायलाच हवी. 1869 च्या तीन वर्षं आधी, 1866 मध्ये, आणखी एक कायदा आला होता. एखाद्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या कारणाने जोडीदाराने नांदायला नकार दिला, तर कोर्टाकडून लग्न मोडून घेता येईल. त्यामागेही बायबलच आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटलंय की विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल, तर जाऊ द्यावं. पण कायद्याला घाई नव्हती. कोर्ट आधी त्या जोडीदाराला विचारणार, मग वर्षभर थांबणार, कुणाचं मन बदलतंय का ते बघणार.

आता आठवा नारायण वामन टिळक. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मुलाला घेऊन. 1866 चा कायदा टिळकांच्या हाताशी होता. त्या वाटेला न जाता त्यांनी पत्रं लिहिली, भेटी घेतल्या, वाट पाहिली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि 1900 साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल, तर या शनिवार-रविवारी वाचा. मला त्यातून एकच सांगायचंय: लग्न टिकलं ते कायद्याने अडवून धरलं म्हणून नाही. दोघांना एकमेकांकडे यायचं होतं, म्हणून टिकलं. बाईच्या नवऱ्याला यायचं नव्हतं आणि बाईला जायचं नव्हतं. मग कायदा नेमकं काय टिकवत होता?

बरं, आता गंमत बघा. ज्या इंग्लंडने हा कायदा दिला, तिथे 1923 मध्ये बायकांसाठीची जादा अट गेली. 1937 मध्ये क्रूरता आणि सोडून जाणं ही स्वतंत्र कारणं झाली. 1969 मध्ये 'लग्न कायमचं मोडलेलं आहे' हाच पाया ठरला. इकडे भारतात 1954 मध्ये विशेष विवाह कायदा आला, 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला, 1976 मध्ये हिंदूंना परस्पर संमतीने घटस्फोट मिळू लागला. फक्त आपला 1869 चा कायदा तिथेच. साहेब गेला, साहेबाने स्वतः तो टाकून दिला, आणि आपण मात्र सासरच्या जुन्या भांड्यासारखा जपून ठेवला.

का? कुणालाच दिसत नव्हतं असं नाही. विधी आयोगाने 1960 पासून अहवाल दिले. 1962 मध्ये लोकसभेत विधेयक आलं, पण मंजूर न होताच बारगळलं. 1983 मध्ये पुन्हा अहवाल. पण लोकसंख्येत अडीच टक्क्यांच्या आतबाहेर असलेला समाज, त्यातही कॅथलिक, प्रोटेस्टंट, सिरियन अशा वेगवेगळ्या परंपरा. सरकारं म्हणायची, आधी तुमचं एकमत होऊ दे. आणि एकमत होईपर्यंत थांबायचं कुणी? बाईने.

1985 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जॉर्डन डिएंगडेह यांचा खटला आला. त्या मेघालयच्या खासी ख्रिस्ती, परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी. लग्न ख्रिस्ती कायद्याने झालेलं. हायकोर्टाने क्रूरता मान्य केली होती, पण दिली फक्त न्यायिक विभक्ती. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डींनी निकालात स्पष्ट म्हटलं की लग्न मोडलेलं दिसतंय, पण या कायद्यात बाहेर पडायला वाट नाही, संसदेने लक्ष घालावं. त्याच वर्षी, काही आठवडे आधी, शाहबानो निकाल आला होता. तो सगळ्या देशाला पाठ आहे. हा कुणाच्या लक्षातही नाही.

शेवटी कोर्टांनीच कात्री लावली. 1995 मध्ये केरळ हायकोर्टाने दहाव्या कलमातली ती जादा अट काढून टाकली. आणि 1997 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने, प्रगती वर्गीस खटल्यात, सांगितलं की हे कलम स्त्रियांशी भेदभाव करतं, घटनेत बसत नाही. क्रूरता किंवा सोडून जाणं, यातलं एकच कारणही पुरे.

पेटीतलं ते कात्रण याच निकालाचं होतं.

2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. नवरा-बायकोला सारखीच कारणं, परस्पर संमतीचा मार्ग, हायकोर्टाचा शिक्का रद्द, ती भरपाईही रद्द. नावातला 'इंडियन' शब्दसुद्धा गेला. 132 वर्षं लागली. या बदलाच्या मागे स्त्रियांच्या संघटना होत्या, आणि चर्चच्या अनेक संस्थाही होत्या. 'चर्चवाले आड आले' एवढंच सांगून मोकळं होणं म्हणजे अर्धवट इतिहास.

गोव्याचं वेगळंच. 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि काही आठवड्यांत घटस्फोटाचा कायदा आला, नवरा-बायकोला समान, संमतीनेसुद्धा. तो गोव्यातही लागू झाला. म्हणजे मुंबईत 1997 ला जे मिळालं, ते पणजीत कितीतरी आधी कागदावर होतं! पण 1940 मध्ये सालाझारच्या राजवटीने व्हॅटिकनशी करार केला आणि चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांसाठी ते दार बंद झालं. इतिहास सरळ पुढेच जातो, असं कुणी म्हणालं तर त्याला गोवा दाखवा.

ज्यांना आज याची गरज आहे, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. कॅथलिक चर्चचं न्यायमंडळ 'हे लग्न मुळात झालंच नव्हतं' असा निर्णय देऊ शकतं. त्याला घटस्फोट म्हणत नाहीत. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देशाच्या कायद्यात अशा निर्णयाने लग्न मोडत नाही. म्हणून चर्चचा कागद घेऊन कोर्टाशिवाय दुसरं लग्न केलं, तर द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हा होऊ शकतो. आणि उलट, कोर्टाचा हुकूम असला तरी कॅथलिक चर्चमध्ये पुन्हा लग्न करायला चर्चचा निर्णय लागतोच. दारं दोन, किल्ल्याही दोन.

आता राहिला तिसरा कागद, मृत्युपत्र. बाईने पगारातून पै-पै साठवून दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मूल नसलेली ख्रिस्ती बाई मृत्युपत्र न करता गेली, तर अर्धी मालमत्ता नवऱ्याला. बावीस वर्षं तोंड न पाहिलेल्या नवऱ्याला! तिने दोन साक्षीदार बसवले आणि घर पप्पांच्या नावे लिहिलं. कायद्याने तिला सोडवलं नाही, तेव्हा तिने स्वतःची कडी स्वतः लावून घेतली.

पाळकसाहेब दर वर्षी नाताळात तिला समेटाचं सांगायचे. ती चहा द्यायची, ऐकून घ्यायची आणि रविवारी नेहमीच्या बाकावर जाऊन बसायची. देवावरचा तिचा विश्वास आणि त्या घरात परत न जाण्याचा निश्चय, या दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही. आम्हालाच दिसायचं.

कात्रण तिने कापलं तेव्हा ती साठीची होती. पप्पांनी विचारलं होतं, "आत्या, करायचा का अर्ज?" ती म्हणाली, "आता मला काय करायचंय? पण खरं होतं ना माझं, एवढं वाचलं मी."

तुमच्या घरातही अशी एखादी पेटी असेल. आजी, आत्या, मावशी असेल, जिच्याबद्दल 'तिचं जरा वेगळंच' एवढंच बोललं जातं. विचारा तिला, ती आहे तोवर. आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात.