ताराबाई शिंदे आणि ‘स्त्रीपुरुष तुलना’

ताराबाई शिंदे यांचा जन्म 1850 मध्ये वऱ्हाडातील बुलढाण्याचा. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या मुलखात होता; 1853 मध्ये त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला. बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत ताराबाईंचे वडील, बापूजी हरी शिंदे, मुख्य कारकून होते. ते सत्यशोधक विचारांचे. मराठा घराण्यात मुलीच्या हाती पुस्तक देण्याची रीत नव्हती, पण बापूजींनी चार मुलांच्या जोडीने या एकुलत्या एका मुलीलाही मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्न लहानपणी झाले, तरी नवरा घरजावई आल्याने तिला सासरी नांदायला जावे लागले नाही. त्यांना मूलबाळ झाले नाही.

1881 मध्ये सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे फाशी टळली आणि शिक्षा कमी झाली. दरम्यान ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्राने या निमित्ताने बायकांच्या चालीरीतींवर तोंडसुख घेतले. पापात वाटेकरी असलेला पुरुष कुठे गेला, हे कोणी विचारेना. याचा राग येऊन ताराबाईंनी निबंध लिहिला आणि 1882 मध्ये तो पुण्यात छापला गेला. प्रती 500, किंमत नऊ आणे.

प्रस्तावनेत त्या स्वतःला मराठमोळ्या घरात कोंडलेली, जगाचा अनुभव नसलेली बाई म्हणवतात. ही नम्रता फार टिकत नाही. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घेऊन त्या तो पुरुषांना लावून पाहतात: कपट, लोभ, चंचलपणा. बायको मेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी दुसरी आणणारा पुरुष प्रतिष्ठित, आणि नवरा मेलेली बाई केस काढून अंधाऱ्या कोपऱ्यात, हा न्याय कसला? नवऱ्याला देव मानायचे, तर त्याने देवासारखे वागू नये काय? पुराणेही या उलटतपासणीतून सुटत नाहीत. द्रौपदीच्या कथा सांगून पातिव्रत्याचे धडे देणाऱ्यांची त्या भर सभेत काढावी तशी लक्तरे काढतात. विधवाविवाहावर व्याख्याने झोडून घरी काहीच न करणारे सुधारकही त्यांनी सोडले नाहीत. विधवांची बाजू घेणारे तेव्हा बरेच होते, मात्र त्यांचा सूर बहुधा कीव करण्याचा असे. ताराबाई कीव मागत नाहीत, हिशेब मागतात. शिवाय पुनर्विवाहबंदी ही ब्राह्मणांपुरती न राहता मराठा कुळांतही शिरली आहे, हे त्यांनी नोंदवले. त्या काळच्या चर्चेत हे फारसे कोणी म्हणत नव्हते.

सारेच त्यांना जमले असे नाही. पतिव्रतेचा आदर्श त्या पुरता नाकारत नाहीत, आणि मांडणी ठिकठिकाणी भरकटते. बोलीची फटकेबाजी मात्र अस्सल आहे.

निबंधावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांना फटकारले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. 1910 च्या सुमारास त्या वारल्या. ग्रंथ जवळपास विस्मृतीत गेला होता. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केला, आणि 1994 मध्ये रोझालिंड ओ’हॅनलन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला.