कोऱ्या गेटपासवरची सही

मी देहूत राहतो आणि कविता लिहितो. पण पोट कवितेवर भरलं नाही. बी.ए. झाल्यावर भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं स्टोअरचा कारकून होतो. त्या काळात कवितांपेक्षा गेटपासच जास्त लिहिले. आज बोलायचं आहे ते संगणकाच्या एका छोट्या प्रोग्रॅमबद्दल आणि त्याचे हात बांधण्याच्या एका युक्तीबद्दल. पण मला ती युक्ती कळली ती गेटपासमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कारखान्यातून खिळासुद्धा बाहेर न्यायचा तर गेटपास लागायचा आणि त्यावर आमच्या साहेबांची सही. साहेब दिवसभर शॉपमध्ये फिरत असायचे. प्रत्येक पासासाठी त्यांना शोधत कोण हिंडणार? म्हणून ते सकाळी आल्याआल्या दहा-पंधरा कोऱ्या पासांवर सह्या करून पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायचे. एका संध्याकाळी भंगार न्यायला टेम्पो आला. ठेकेदाराच्या माणसानं यादी सांगितली, मी घाईत ‘भंगार, यादीप्रमाणे’ एवढंच लिहिलं. गेटवरच्या वॉचमननं सही पाहिली आणि दांडा वर केला. त्या भंगाराखाली तांब्याच्या सळयांची बंडलं होती. साहेबांनी चोरी केली नव्हती, मी केली नव्हती, वॉचमननंही केली नव्हती. तरीही माल गेला. मेमो मात्र मला मिळाला. माझ्या हाताला साहेबांचा हात जोडलेला होता आणि तो हात भलत्याच माणसानं वापरून घेतला, हे तेव्हा मला नीट शब्दांत सांगता आलं नाही.

ते शब्द सापडले गेल्या पावसाळ्यात. माझा भाचा चाकणच्या एका कंपनीत संगणक विभागात आहे. एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसला होता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी इंद्रायणीला पूर आल्यासारख्या धावत होत्या. म्हणाला, “मामू, हे बघा. आपल्या घरच्या वायफायवरून जी पाकिटं जातायत ना, ती सगळी इथं दिसतायत.” प्रोग्रॅमचं नाव टीसीपीडंप. मी सहज विचारलं, “हा सगळ्यांची पत्रं वाचतो, मग ह्याच्यावर नजर कोणाची?” तो हसला. म्हणाला, “बरोब्बर तिथंच घोडं पेंड खात होतं.”

हे पाकीट प्रकरण आधी थोडं सांगतो. आपण पाठवलेला मजकूर तारेतून अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर कोणाकडून, कोणाला, कितवा असा पत्ता असतो. यालाच पॅकेट म्हणतात. जाळ्यात बिघाड झाला की तो शोधायला ही पाकिटं वाटेत पाहावी लागतात. १९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड! एवढ्या अंतरात चिठ्ठी हातानं नेऊन दिली असती तरी लवकर पोचली असती. व्हॅन जेकबसन यांनी ह्या कोंडीचा छडा लावला, उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याच प्रयोगशाळेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टीसीपीडंप लिहिला. जगभरचे जाळे सांभाळणारे लोक आजही तो वापरतात.

पण दुसऱ्याच्या नावची पाकिटं उचलायची परवानगी संगणक कोणालाही देत नाही. त्यासाठी मालकाचा अधिकार लागतो. ह्या मालकाला त्यांच्या भाषेत ‘रूट’ म्हणतात. रूट म्हणजे साहेबांचाही साहेब. कुठलीही फाइल वाचेल, पुसेल, कोणताही प्रोग्रॅम बंद करेल. टीसीपीडंपला खरं तर जाळ्याचं दार एकदा उघडण्यापुरताच हा अधिकार हवा. पुढचं सगळं काम वाचण्याचं. पण जुन्या पद्धतीत तो रूटचा अंगरखा घालूनच दिवसभर बसायचा.

आणि वाचायचं काय, तर अनोळखी माणसांनी पाठवलेलं काहीही. पाकिटांच्या भाषा शेकड्यांनी, प्रत्येकीचा वाचक वेगळा लिहिलेला. त्यातल्या एखाद्या वाचकात चूक राहिली, समजा पाकिटावर लांबी खोटी लिहिलेली असताना त्यानं ती खरी मानली, तर मुद्दाम वाकडं बनवलेलं पाकीट त्या प्रोग्रॅमलाच ताब्यात घेऊ शकतं. मग रूटची सही त्या परक्याच्या हाती. टीसीपीडंपमध्ये अशा चुका किती असाव्यात? २०१७ ह्या एकाच वर्षात सुरक्षेशी संबंधित शंभरावर त्रुटी दुरुस्त झाल्या. लिहिणारे अडाणी होते म्हणून नव्हे. काम तसलं म्हणून.

भीती पोकळ नव्हती. २००४ च्या मार्चमध्ये ‘विटी’ नावाचा किडा जाळ्यावर सुटला. त्यानं गाठले ते नेमके राखणदार, म्हणजे एका अमेरिकी कंपनीचे पाकिटं तपासून संगणकाचं रक्षण करणारे प्रोग्रॅम. त्यांच्यात एका भाषेचं पाकीट वाचण्यात चूक होती. ती जाहीर झाल्यावर दोन दिवसांच्या आत किडा आला आणि साधारण १२ हजार यंत्रांत शिरला. तिथून तो पुढे पसरायचा आणि मधूनमधून त्या यंत्राच्या डिस्कवर कचरा लिहून माहिती नासवायचा. कोणी काही उघडलं नव्हतं, कुठं क्लिक केलं नव्हतं. पाकीट दारावरून गेलं आणि राखणदारानं ते वाचलं, एवढाच गुन्हा.

माझा गेटपास इथं आठवला. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मामू, तुमच्यावर लेख आहे!” लेख नॉर्म हार्डी यांचा, १९८८ चा. त्यात एका प्रोग्रॅमची हकीकत आहे. त्याला स्वतःची आकडेवारी लिहिण्यासाठी एका राखीव कप्प्यात लिहायची मुभा होती. वापरणाऱ्यांना आपला मजकूर कुठं ठेवायचा ते नाव सांगता यायचं. कोणीतरी नाव सांगितलं ते त्याच कप्प्यातल्या बिलांच्या फाइलचं. प्रोग्रॅमनं इमानानं तिथं लिहिलं आणि बिलांचा हिशेब पुसला गेला. हार्डी त्याला गोंधळलेला कारभारी म्हणतात. दोन मालकांचं काम करणारा, आणि कोणतं काम कोणाच्या अधिकारानं करतोय हे न कळणारा. लेख वाचून मला इतक्या वर्षांनी जरा बरं वाटलं.

ह्या गोंधळावरचा उपाय तसा जुना आहे. अधिकार माणसाच्या नावाला न देता वस्तूच्या चिठ्ठीला द्यायचा. चिठ्ठीवर लिहायचं: ही एक वस्तू, हे एवढंच काम. चिठ्ठी हातात असेल तर काम होईल, नसेल तर तुम्ही कोणी का असेना. अमेरिकेत जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्ये ही कल्पना संगणकासाठी मांडली आणि चिठ्ठीला ‘केपेबिलिटी’ म्हटलं. १९७० च्या दशकात केंब्रिजला ह्याच तत्त्वावर ‘कॅप’ नावाचा अख्खा संगणक बांधला गेला.

आपल्याकडे ह्याला शब्द आहे: दस्तक. फारसीत दस्त म्हणजे हात. दस्तऐवज, दस्तूर, दस्तुरखुद्द हे सगळे त्याच घरातले. उर्दूत दस्तक म्हणजे दारावरची थाप. मराठी कागदपत्रांत मात्र दस्तक म्हणजे परवाना. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, तोवर कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना त्यांचं दस्तक घ्यावं लागे, आणि इंग्रजांशी त्यांचे खटके उडाले तेही समुद्रावर परवाना कोणाचा चालणार ह्यावरूनच. त्याआधी दोनशे वर्षं पोर्तुगीज ‘कार्ताझ’ देत होते. त्यात जहाजाचं नाव, नाखुदाचं नाव, कुठून कुठं जाणार, किती मुदत, कोणता माल न्यायचा नाही, असं सगळं लिहिलेलं असायचं. हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो घ्यावा लागे, आणि ज्यांना तो घ्यावा लागला त्यांना तो जाचच वाटला. मी त्याची तारीफ करत नाही. पण चिठ्ठी म्हणून ती काटेकोर होती.

चिठ्ठी सैल असली की काय होतं त्याचं उदाहरण बंगालमध्ये आहे. बादशहा फर्रुखसियरनं १७१७ मध्ये फर्मान दिलं. वर्षाला तीन हजार रुपये भरून ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातीविना व्यापार करता येई. माल कंपनीचा आहे हे दाखवायला कंपनीचेच अधिकारी दस्तक लिहून देत. झालं! कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालावर तेच दस्तक लावू लागले, पुढे ते देशी व्यापाऱ्यांना विकूही लागले. नाक्यावरचा माणूस शिक्का बघायचा आणि सोडायचा. आमच्या वॉचमनसारखाच. नवाब मीर कासिमनं वैतागून १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ केली, कंपनी चिडली, लढाई जुंपली आणि १७६४ मध्ये बक्सरला निकाल लागला. पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो. बक्सरला कारणं आणखीही होती, पण ह्या कोऱ्या दस्तकाचा त्यात वाटा मोठा होता.

आता पुन्हा टीसीपीडंपकडे. २०१० मध्ये केंब्रिजचेच रॉबर्ट वॉटसन आणि जोनाथन अँडरसन, आणि गूगलमधले बेन लॉरी व क्रिस केनवे यांनी एक योजना मांडली. नाव कॅप्सिकम. म्हणजे ढोबळी मिरची. ‘केपेबिलिटी’वरची कोटी आहे ही. (मिरची आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, आणि कार्ताझमध्ये मिऱ्याच्या व्यापारावर बंदी घातली तीही त्यांनीच. कवीला एवढं अवांतर माफ असावं.) नवा संगणक बांधण्याऐवजी त्यांनी युनिक्स घराण्यातली फ्रीबीएसडी ही चालू प्रणालीच घेतली. तिच्यात प्रोग्रॅमनं फाइल किंवा जाळ्याचं दार उघडलं की त्याच्या हाती एक क्रमांक येतो, दरवाजाच्या कडीसारखा. वॉटसन मंडळींनी ह्या कडीलाच दस्तक बनवलं. कोणत्या कडीनं फक्त वाचता येईल, कोणत्या कडीनं फक्त लिहिता येईल, हे तिच्यावर कोरायची सोय केली.

मग नमुन्यादाखल जे प्रोग्रॅम त्यांनी घेतले त्यात टीसीपीडंप होता. त्याचा दिनक्रमच सोयीचा. आधी दार उघडायचं, मग वाचत बसायचं. त्या दोन्हींच्या मध्ये त्यांनी फक्त दोन ओळी घातल्या. त्या ओळींनंतर प्रोग्रॅम कोंडला जातो. हातात आधीपासून असलेल्या कड्या तेवढ्या त्याच्या. नाव घेऊन नवी फाइल उघडता येत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमला हात लावता येत नाही, बाहेर नवा संबंध जोडता येत नाही. आणि हे कोंडणं एकेरी आहे. रूट असला तरी परत फिरता येत नाही. संगणकवाले ह्याला सँडबॉक्स म्हणतात, बालवाडीतला वाळूचा हौद. काय मस्ती करायची ती हौदात कर.

हे इतकं सोपं निघालं नाही, आणि मला त्यातला अडचणीचाच भाग आवडला. पाकिटावर पत्ता आकड्यांत असतो. माणसाला वाचता यावं म्हणून टीसीपीडंप त्या आकड्यांची नावं बाहेर विचारून आणतो. हात बांधल्यावर विचारणार कसा? शिवाय बारकाईनं पाहिलं तेव्हा दिसलं की कीबोर्ड आणि पडदा यांच्याकडे जाणाऱ्या कड्या पूर्ण अधिकारानं तशाच राहिल्या होत्या. म्हणजे ताब्यात गेलेला प्रोग्रॅम तुम्ही काय टाइप करता ते वाचू शकला असता. मग आणखी काही ओळी घालून ते अधिकार छाटले. नावं विचारण्यासाठी पुढे ‘कॅस्पर’ नावाचा वेगळा सेवक आला. तो नावं विचारून आणतो आणि टीसीपीडंपच्या हाती देतो, बाकी काही नाही. २०१२ च्या फ्रीबीएसडी ९.० मध्ये कॅप्सिकम प्रयोग म्हणून आलं, २०१४ च्या १०.० पासून मूळ संचातच चालू झालं. तिथला टीसीपीडंप आता हात बांधूनच कामाला बसतो. वाचण्यात चुका अजूनही निघतात. पण चूक सापडवून आत शिरलेल्याला हौदाबाहेरचं काही हाती लागत नाही.

आमच्याकडच्या कंपन्यांत बहुधा लिनक्स किंवा विंडोज चालतं. लिनक्समध्येही केपेबिलिटी नावाचं काही आहे, पण ते निराळं; तिथं रूटच्या अधिकाराचे तुकडे करून त्यातला एखादा देतात. भाचा रोज वापरतो तो वायरशार्क ह्याचा फायदा घेतो. पाकिटं उचलणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा, त्याला एवढाच तुकडा. वाचणारा मोठा प्रोग्रॅम साध्या माणसाच्या हक्कानं चालतो. रूट होऊन तो चालवला तर इशारा देतो. “आणि तरीही,” भाचा म्हणाला, “आमच्यातली निम्मी पोरं रूट होऊनच चालवतात. कोण कटकट करणार?” आमच्या साहेबांचंही असंच म्हणणं होतं.

त्या प्रकरणानंतर भोसरीत कोऱ्या सह्या बंद झाल्या. पास तीन रंगांत आला. मालाचं नाव, नग, वजन, गाडीचा नंबर, वेळ, परत येणार असेल तर तारीख. साहेबांना शोधत मी शॉपभर हिंडायचो, ते वैतागायचे, मीही वैतागायचो. भंगाराची गाडी मग वजनकाट्यावरून गेल्याशिवाय सुटली नाही.

चाकणला भाच्याच्या गेटवर मोबाइल आत नेऊ देतात, पण आधी कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवतात. फोन लागतो, घरी बोलता येतं; फोटो तेवढा निघत नाही. संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा कधीकधी स्टिकर तसाच असतो. मग तो सोलून पडवीच्या खिडकीच्या काचेला लावतो. परवा मोजले तर चाळीसच्या वर झाले होते. त्याची आई रोज ओरडते, काच खराब झाली म्हणून.